दिवा धरण्याची नोकरी

परवा माझी नातसून मुंबईहून आली, ती एक मोठा काळा कागद घेऊन. "आजी, हा माझ्या छातीचा फोटो. एक गाठ आहे, पण साधी आहे म्हणाले डॉक्टर." मी तो खिडकीशी धरला. सगळीकडे राखाडी धुकं, आणि धुक्यात एक पांढरट गोळा.

"कसा वाटला?" तिनं विचारलं.

"चांगला आहे. पण पोरी, ह्यात रंगच नाही गं."

ती हसली. म्हाताऱ्या माणसांनी काही म्हटलं की हसायचं असतं, हे तिला माहेरीच शिकवलेलं आहे. आता ही नातसून माझ्या भावाच्या नातवाची बायको. मला स्वतःचं मूल नाही. पण सगळे मला आजी म्हणतात आणि मीही आजीपणाचे सगळे हक्क बजावते. त्यातला मुख्य म्हणजे वाटेल ते बोलण्याचा.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'जुन्या काळच्या सुईणीचे चार बोल' मागितले होते. मी सुईण नव्हते. बाळंतपणं केली, पण ती भाजीवर कोथिंबीर मिळते तशी, वरकड. माझी खरी नोकरी दिवा धरण्याची होती. बाईच्या स्तनाखाली दिवा धरायचा आणि गाठ कसली आहे ते वरून बघायचं. (संपादकांना तो शब्द छापायचा संकोच वाटला, तर त्यांनी तिथे फुल्या माराव्यात. वाचक काय ओळखायचं ते ओळखतील.)

ही गोष्ट तिसाच्या सालाच्या आगेमागे सुरू झाली आणि लढाई पेटली तेव्हा संपली. किहीमला एक डॉक्टरबाई होत्या. मुंबईत शिकल्या, तिथेच राहिल्या असत्या तर मोठ्या झाल्या असत्या. पण वडिलांमागे नारळाची वाडी त्यांच्या वाट्याला आली आणि त्यांनी वाडीतच दवाखाना काढला. त्यांच्याकडे परदेशातली वैद्यकीची मासिकं यायची. एका मासिकात त्यांनी वाचलं की तिकडे कोणी डॉक्टर अंधाऱ्या खोलीत स्तनाखाली प्रखर दिवा धरून आतलं बघतो. झालं. नारळ साठवायची कोठी रिकामी झाली, फटींना काळी चिरगुटं चिकटली. अलिबागच्या एका तांबटाकडून पितळेची नळी घडवून आणली. नळीच्या तोंडाशी बारीक भोक, आत विजेचा दिवा, आणि बाहेरून गार पाणी फिरायला दुसरी नळी, नाहीतर कातडी भाजायची. वीज कुठली? आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. बाईंची एक जुनी मोटार होती, ती पावसाळ्यात चिखलात रुतायची आणि उन्हाळ्यात धुळीत. तिची बॅटरी काढून कोठीत ठेवली. बाई म्हणायच्या, "या गाडीनं मला कधी कुठे नेलं नाही, आता निदान बसल्या जागी काम करू दे."

आता समजावून सांगते. लहानपणी तुम्ही कंदिलाच्या काचेवर तळहात धरून पाहिला असेल. बोटं लाल होतात आणि कडा नारिंगी. तसंच हे. निरोगी स्तन सगळा लालसर उजळतो, पिकल्या पपईसारखा, आणि त्यात शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या दिसतात. गाठीत नुसतं पाणी असेल तर तीही उजळते. चरबीची असेल तर आणखीच उजळते. रक्त साकळलेलं असेल तर मात्र कोळशासारखं काळं. आणि भरीव मांसाची असेल तर मळभ आल्यासारखं दिसतं. त्या मळभाचा अर्थ दिव्याला सांगता येत नाही. म्हणून पहिला हात, मग दिवा, मग लागली तर सुई. बाई हे रोज सांगायच्या. मी रोज मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, दिव्यालाच सगळं कळतं.

मी तेव्हा बाविशीची होते. पुण्यात नर्सिंग शिकून आलेली. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, मान ताठ, आणि सगळा कुलाबा जिल्हा माझी वाट बघत खोळंबला होता अशी माझी समजूत. पहिल्याच महिन्यात थळची एक कोळीण आली. चांगली धिप्पाड, टोपली उतरवूनच आत शिरलेली. मी अंधारात दिवा लावला आणि किंचाळलेच. आत काळाकुट्ट डाग! धारदार! मी तिच्यासमोरच ओरडले, "बाई, कॅन्सर!"

डॉक्टरबाई वाकल्या. बघत राहिल्या. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "गोदू, कॅन्सरला चार कोपरे कधीपासून फुटायला लागले?"

कोळणीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत होता. तो स्तनामागे सरकून खाली, दिव्याच्या तोंडावर जाऊन बसला होता. त्या बाईनं ताईत ओढून वर घेतला आणि मला म्हणाली, "पोरी, तुजा दिवा देवाला घाबरतंय का गो?" पुढे कित्येक महिने ती बाजारात मला गाठून विचारायची, "नरसीनबाय, आज कितीना चार कोपरं दिसलं?"

दुसऱ्या एक आमच्या किहीमच्याच काकू. चांगल्या सुपारीच्या वाड्या असलेल्या घरातल्या. त्यांची गाठ चरबीची निघाली, दिवा धरताच आंब्यासारखी झळकली. त्यांना आरसा धरून दाखवली. काकू बराच वेळ बघत राहिल्या. बाई म्हणाल्या, "निरुपद्रवी आहे. हवी तर काढू." तर काकू म्हणाल्या, "छे गं बाई, एवढा उजेड कशाला काढायचा? राहू दे की." त्यानंतर गावातल्या प्रत्येक हळदीकुंकवात त्या सांगत, माझ्या छातीत दिवा लागतो.

पण मला आज जे आठवतं ते या उजेडाचं नाही. उजेड यायच्या आधीचं आहे.

दिव्याला पूर्ण काळोख लागतो, आणि उजेडातून आलेल्या डोळ्यांना काळोखात काही दिसत नाही. म्हणून दिवा लावण्यापूर्वी कोठीत बराच वेळ नुसतं बसावं लागे. बाई म्हणायच्या, "डोळे पिकू दे." त्या स्वतः शेवटी यायच्या, काळी पट्टी डोळ्यांवर बांधूनच. तोवर बाईमाणूस आणि मी. स्टुलावर ती, खोक्यावर मी. खोबऱ्याचा आणि जुन्या काथ्याचा वास. आणि बायका बोलायच्या. तोंड दिसत नाही म्हटल्यावर माणूस काय काय बोलतं, ते तुम्हाला सांगून खरं वाटायचं नाही. सासूला न सांगितलेलं, नवऱ्याला न सांगितलेलं, कधी देवालाही न सांगितलेलं. मी सुरुवातीला फार शहाण्यासारखी "घाबरू नका, हं" असं पाठ केलेलं वाक्य म्हणायचे. एक बाई म्हणाली, "घाबरले नाही हो, तुम्हीच जरा गप्प बसा ना, मला बोलू द्या." तेव्हापासून गप्प बसायला शिकले. आयुष्यात मी जे काही गप्प बसले आहे ते तेवढंच.

चांगुणा आली ती अशी बोलणारी नव्हती.

धरमतर खाडीच्या काठी मिठागरं आहेत, तिथली ती आगरीण. वीस-एकवीसची असेल. पायाच्या तळव्यांना मिठानं भेगा, दंड दगडासारखे. सोबत सासू. पाचवा महिना चालू होता. आणि उजव्या बाजूला गाठ, केवढी म्हणाल तर सोललेल्या नारळाएवढी. कातडी ताणून चकचकीत झालेली, निळ्या शिरा फुगलेल्या. पहिल्या बाळंतपणात वाटाण्याएवढी होती म्हणे. ते पोर तीन महिन्यांचं होऊन तापानं गेलं. आता पुन्हा दिवस राहिले आणि गाठीनं जणू दिवसांशीच शर्यत लावली.

"कापून टाका बाय," सासू डॉक्टरबाईंना म्हणाली. "तिचाच दूध पिऊन पयला पोर गेला. दुसरा थान हाय ना चांगला. एकावर पन पोर जगतंय."

चांगुणा जमिनीकडे बघत म्हणाली, "न्हाय."

"काय न्हाय?"

"माजा दूध वायट न्हाय. ह्या पोराला मी हितूनच पाजीन."

एवढंच. 

मी तिला घेऊन कोठीत बसले.  मग काळोखातून आवाज आला, "तुज्या घरी कोन हाय गो?"

मला कोणी असं विचारत नसे. पांढरं पातळ आणि मोकळं कपाळ बघून लोक आपोआप दुसरं काहीतरी बोलायचे. मी म्हणाले, "भाऊ आहे नागावला."

"आन् नवरा?"

"गेला. मानमोडीच्या तापाच्या साथीत."

"तवा तू केवडी?"

"दहा वर्षांची."

"बगितलंस तरी त्याला?"

"लग्नात. मुंडावळ्यांतून. नाक दिसलं होतं."

ती हसली. खुदुखुदु नाही, चांगली मोठ्यानं. "नाकच? नुस्ता नाक?" आणि काय सांगू, मीही हसले. बारा वर्षं सगळ्यांनी माझ्या नशिबावर उसासे टाकले होते. त्यात काही हसण्यासारखं आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरबाई डोळ्यांवर पट्टी बांधून आत आल्या तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. त्या म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

दिव्यात मळभ दिसलं. पण सरसकट नाही, मध्ये मध्ये उजळ भेगा होत्या. मग बाईंनी पुन्हा हात लावला. गाठ बोटांखाली मोकळी फिरत होती, मागे धरलेली नव्हती, वर कातडीला चिकटलेली नव्हती. काखेत काही नव्हतं. बाई मला बाहेर घेऊन गेल्या. "ही वाईट गाठ नव्हे असं मला वाटतं. मोठी आहे, पण मोठं असणं हा काही गुन्हा नाही. एक फार क्वचित सापडणारी जात असते, आत पानांसारखी पदर धरून वाढते. मी शिकताना एकच पाहिली, काचेच्या बरणीत. तशीच असेल तर नुसती गाठ कडेच्या थोड्या मांसासकट काढली की पुरे. पण मला 'वाटतं' म्हणून कोणी सर्जन थांबणार नाही. एवढी गाठ दिसली की ते सगळा स्तन, खालचे स्नायू, काख, सगळं साफ करतात. त्यांची रीतच तशी."

"मग?"

"पुरावा हवा. मुंबईला नेऊ. तिथे क्ष-किरणांनी हाडांचे फोटो काढतात. परदेशात कोणी स्तनाचेही काढून पाहिलेत. कड स्वच्छ, गोल दिसली तर बोलता येईल."

रेवसला आगबोट धरली. बाई, मी आणि चांगुणा. निघण्यापूर्वी बाईंनी मला बजावलं होतं, "छाती साबणानं स्वच्छ धुऊन घे. लेप, तेल, हळद, काही राहता कामा नये." मी कोठीच्या मागे तिला घासघासून धुतलं. गावदेवाच्या शेंदराचे पट्टे होते, पाठीवर कोणा भगतानं दिलेला डाग होता. डाग निघाला नाही, शेंदूर निघाला. मी खूश.

बोटीत गर्दी, कोंबड्या, आंब्याच्या करंड्या. मांडव्याच्या पुढे बोट हलायला लागली तशी चांगुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाय, माना जरा आडोसा दे. चोळी सैल करतंय." मी माझ्या पदराचा पडदा करून तिच्यापुढे उभी राहिले. मान वळवून, शिष्टपणे समुद्राकडे बघत. रुग्णाची लाज राखणारी आदर्श परिचारिका! कोणी माझा फोटो काढला असता तर तो पुण्याच्या आमच्या शाळेत लावला असता.

मुंबईत ज्या मोठ्या सर्जनकडे गेलो ते डॉक्टरबाईंना शिकवलेले. उंच, करड्या मिशांचे. त्यांनी चोळीवरूनच बोटानं एकदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "फोटो कशाला? उद्या सकाळी घेतो टेबलावर." बाईंनी फार विनवलं. शेवटी त्यांनी चिठ्ठी दिली. फोटो काढणाऱ्यांनी आयुष्यात स्तनाचा फोटो काढलेला नव्हता. ते चांगुणेकडे न बघता भिंतीला सूचना देत होते. तिला काहीच कळत नव्हतं, ती अंगभर पदर गुंडाळूनच उभी, मान हलवून माझ्याकडे बघायची आणि मी तिला तशीच फिरवून उभी करायचे.

दुपारी ओली फिल्म सर्जनच्या खोलीत आली. ते खिडकीशी गेले. गाठीची गोल कड दिसत होती, खरंच स्वच्छ. पण तिच्यावर आडवे पांढरे शुभ्र फराटे होते, ठिपके उडालेले. सर्जननी बोट ठेवलं. "हे पाहा. चुना धरलाय. असा चुना मी वाईट गाठीत पाहिलाय. आता बोला."

 डॉक्टरबाईंचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. चांगुणा कोपऱ्यात उभी. तिला शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. ती दोन पावलं पुढं आली. "कापनार?" मला विचारलं.  मी बाविशीची, सगळं येणारी, आणि एक 'हो' म्हणता येईना.

तिला वाटलं, निदान बघून तरी घ्यावं. खिडकीशी जाऊन त्या काळ्या कागदात डोळे घातले. मग आणखी जवळ गेली. आणि आपला उजवा हात वर करून तीन बोटं त्या पांढऱ्या फराट्यांवर, कागदाला न लावता, अंतरावर धरली.

"ही माजी बोटां हायेत," ती म्हणाली.

सर्जन वैतागून म्हणाले, "ही काय म्हणते?"

"बोटां माजी. बोटीवर लावलाय मी. देवाचा शेंदूर." कमरेच्या गाठीतून तिनं एक पुडी काढली. "हिनी धुतला ना सगला. मंग मुंबईला जायाचा, वर पानी, खाली पानी, देवाबिगर कशी जाऊ? हिनी पदर धरला आन् मी लावलाय."

डॉक्टरबाईंनी पुडी घेतली, बोटावर चिमूट घेऊन बघितली, आणि एकदम खुर्चीत बसल्या. हसू आवरेना. "सर, शेंदूर! शिसं आहे त्यात. शिशातून किरण जात नाहीत. हा चुना आमच्या गावदेवाचा आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पदराचा पडदा धरून समुद्र बघणाऱ्या आदर्श परिचारिकेकडे. सर्जन मिशीतून म्हणाले, "नर्स, पुढच्या खेपेला तोंड आतल्या बाजूला करून उभ्या राहा."

खोबरेल आणि साबण लावून मी तिला पुन्हा धुतलं. या वेळी तिच्या डोळ्यात डोळे घालून. ती कुरकुरत होती, "देवाला राग येल." मी म्हणाले, "देवाला सांग, फोटो काढून झाला की परत ये." दुसऱ्या फोटोत काहीच फराटे नव्हते. गोल, गुळगुळीत कड, चंद्राला असते तशी.

सर्जन अजूनही राजी नव्हते, पण अडले. म्हणाले, "ठीक. आधी नुसती गाठ काढतो. तिथेच कापून बघतो. मला आवडली नाही तर त्याच क्लोरोफॉर्ममध्ये बाकीचं सगळं घेईन. तिला सांगा."

मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मी झोपलेली असनार?"

"हो."

"मंग तू जागी ऱ्हा."

मी जागी राहिले. ऑपरेशनच्या खोलीत माझं काम दिवा धरण्याचंच होतं, फक्त तो वरून. गाठ निघाली, अख्खीच्या अख्खी, ताटलीत पडली. सर्जननी सुरी घेतली आणि ती उभी चिरली. कोबीचा गड्डा मधोमध कापल्यावर दिसतो ना, तशी आत पानंच पानं. एकमेकांत दुमडलेली, आणि पानांच्या मधे चिकट पाणी. ज्या उजळ भेगा कोठीत दिसल्या होत्या त्या याच. डॉक्टरबाई तोंडावर फडकं बांधलेल्या, त्या फडक्याच्या आतून पुटपुटल्या, "बरणीतल्यासारखीच."

सर्जन बघत राहिले. आम्ही त्यांच्या हाताकडे बघत राहिलो, कारण सुरी अजून हातात होती. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाले, "टाक्यांची सुई."

शुद्धीवर येताना माणसं नाही नाही ते बडबडतात. चांगुणेनं डोळे न उघडताच हात छातीवर नेला, पट्ट्यांवरून चाचपलं.

"हाय?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

पुढे सूक्ष्मदर्शकाखालीही ती गाठ साधीच निघाली. पण डॉक्टरबाईंनी तिला सोडलं नाही. ही जात पुन्हा त्याच जागी उगवू शकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी दिव्याखाली यायचं, असं बजावलं. आणि ती आली. मुलगी झाली. ती हितूनच प्यायली. सासू तोंड वाकडं करून दवाखान्याच्या पायरीवर बसायची, आणि नातीचे गुबगुबीत पाय बघून ते तोंड कधी सरळ व्हायचं ते तिचं तिलाच कळायचं नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. मी त्या तपासण्यांची वाट बघायचे. मिठागरावरून गाडी येणार म्हटलं की सकाळपासून कोठी झाडायची, जिथे झाडण्यासारखं काही नसायचं. डोळे पिकेपर्यंतचा वेळ आमचा. ती मला मिठाचं सांगायची. खाजणातलं पाणी आधी लाल कसं होतं, मग त्यावर साय धरते, आणि पहिला खडा पायाला बोचतो तेव्हा हात जोडावेसे वाटतात. मी तिला पुण्याचं सांगायचे, त्यातलं अर्धं खोटं. ती म्हणायची, "ह्यो खोटा हाय ना?" मी म्हणायचे, "हो." काळोखात कळायचं तिला. उजेडात मी कोणालाही फसवलं असतं.

एकदा विचारलं तिनं, "तू परत लगीन का न्हाय करत गो? आमच्यात करतान."

"आमच्यात नाही करत."

"तुमच्यात मानसा न्हाय?"

 माझ्या इस्त्रीच्या पातळाचा कडकपणा काळोखात कुठे दिसतो? तिथे नुसता त्याचा खुळखुळ आवाज यायचा, आणि तो मलाच ऐकू यायचा.

पुढे लढाई आली, पेट्रोल दुर्मिळ झालं, बॅटरी मेली ती मेलीच. डॉक्टरबाई थकल्या आणि भावाकडे गेल्या. कोठीत पुन्हा नारळ आले. मी अलिबागेत दुसरी नोकरी धरली आणि तिथून निवृत्त झाले. चांगुणेच्या घरच्यांना त्याच्याही आधी उरणच्या बाजूला एका मिठागरावर काम लागलं. ती पुन्हा भेटली नाही. उरणला जाणारं कोणी दिसलं की मी वर्षानुवर्षं विचारायचे. मिठागरावरच्या चांगुणा म्हणजे बाजारातल्या बांगड्या, कुठली म्हणून सांगणार?

पण तिची शेवटची तपासणी सांगायची राहिली.

मुलगी तेव्हा वर्षाची झाली होती, मांडीवर झोपलेली. दिव्यात सगळं लाल, निर्मळ. जुन्या वणाची बारीक पांढुरकी रेघ, बाकी काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान. आता वर्षानं या," आणि बाहेर कोणी तापाचं पोर आणलं होतं त्याच्याकडे गेल्या. दारावरचा पडदा पुन्हा पडला. मी दिवा विझवायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"आता तू."

"मी काय?"

"तू बस हितं. मी धरतंय दिवा."

"वेडी आहेस का? मला काही झालं नाही."

"तुना काय झाला न्हाय म्हनून. एवढ्या बायांचा बगितलास. तुजा कोनी बगितलाय?"

मी काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं. परिचारिकेला शोभेल असं.  त्याऐवजी मुलीला तिच्या मांडीवरून उचलून खोक्यावरच्या घोंगडीवर निजवलं आणि स्टुलावर बसले. चोळीच्या गाठीशी माझी बोटं चुकायला लागली. इतक्या बायकांच्या सोडल्या होत्या मी, हसत, सहज. तिनंच मग सोडली.

पितळेची नळी गार लागली. मी खाली बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत होते. खालून येणाऱ्या लाल उजेडात ते मला पहिल्यांदाच काळोखात दिसत होतं. ती वाकून बघत होती, डॉक्टरबाई बघायच्या तशी, भुवया जुळवून.

"कसा आहे?" मी विचारलं. 

"लाल हाय," ती म्हणाली. "किती फांद्या गो आत. झाडच हाय सगला."

बाहेरून डॉक्टरबाईंनी मला हाक मारली. चांगुणेनं मान वर केली नाही. तपासणीला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तिनं दिवा तसाच धरून ठेवला, आणि मी तिला पुरे म्हटलं नाही.